अमेरिकेच्या संस्थापकांचे राजकीय विचार वाचताना या चुका टाळा

‘अमेरिकेची राज्यघटना जेफरसन यांनी लिहिली आणि सर्व माणसे समान आहेत हे तिचे पहिले तत्त्व आहे.’ राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत, दिवाळी अंकांतील लेखांत आणि व्यासपीठावरील भाषणांत या अर्थाचे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आणि ऐकले आहे, की सुरुवात त्याच्यापासूनच करणे योग्य होईल. राज्यघटना तयार होत असताना, म्हणजे १७८७ च्या उन्हाळ्यात, टॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. जॉन अ‍ॅडम्स हे आणखी एक संस्थापक तेव्हा लंडनमध्ये होते. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत या दोघांपैकी कोणीही बसलेले नव्हते. ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ हे शब्द जेफरसन यांनी मसुदा लिहिलेल्या, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले आहेत. कायद्याने सर्वांना समान संरक्षण देण्याची हमी राज्यघटनेत आली ती थेट १८६८ मध्ये, चौदाव्या दुरुस्तीने.

पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकच आहे. त्या काळातील प्रत्येक महत्त्वाचे वाक्य कोणत्या तरी चालू वादात, कोणाला तरी उत्तर म्हणून लिहिले गेले होते. तो वाद आणि तो प्रतिपक्ष नजरेआड झाला, की वाक्य सुभाषित बनते आणि मग त्याला कोणताही अर्थ चिकटवता येतो.

१७७६ आणि १७८७ एकत्र करणे

जाहीरनामा आणि राज्यघटना यांच्यात अकरा वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अकरा वर्षांत विचारांचा रोख बदलला आहे. जाहीरनाम्यापुढचा प्रश्न होता, जुन्या सत्तेशी नाते तोडण्याचा अधिकार लोकांना कधी आणि का मिळतो? म्हणून त्यात नैसर्गिक हक्क आहेत, शासितांची संमती आहे आणि राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. ही यादी बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात, पण त्या काळच्या वाचकांसाठी ती युक्तिवादाचा गाभा होती. राज्यघटनेपुढचा प्रश्न वेगळा होता. स्वतंत्र झालेली तेरा राज्ये १७८१ पासून ज्या सैलसर महासंघाखाली एकत्र होती, त्याच्या केंद्रीय काँग्रेसला, म्हणजे कायदेमंडळाला, कर बसवता येत नव्हता, व्यापाराचे नियमन करता येत नव्हते आणि मूलभूत कलमे बदलायची तर तेराही राज्यांची संमती लागत असे. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेज यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला, तेव्हा अनेकांची झोप उडाली. लोकांच्या सरकारला टिकाव धरण्याइतके बळ कसे द्यायचे आणि तेच बळ लोकांवर उलटू नये म्हणून काय करायचे, या पेचातून घटना जन्माला आली.

दोन्ही प्रसंगांतील माणसेही फारशी तीच नाहीत. जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या आणि राज्यघटनेवर ३९ जणांनी. दोन्हींवर सही असलेले फक्त सहा जण सापडतात. त्यामुळे ‘संस्थापकांनी म्हटले आहे’ असे लिहिण्यापूर्वी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या दस्तऐवजात, हे दोन तपशील लेखकाने आधी स्वतःला विचारावेत. एवढ्याने निम्म्या चुका जागीच सुटतात.

सगळे एकाच मताचे होते असे मानणे

ही सर्वांत खोल रुजलेली चूक आहे. फिलाडेल्फियाच्या परिषदेत १७ सप्टेंबर १७८७ रोजी हजर असूनही जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी यांनी मसुद्यावर सही केली नाही. पुढे राज्याराज्यांत मंजुरीसाठी जी अधिवेशने भरली, त्यांतील मतदानाचे आकडे पाहिले की एकमताची कल्पना टिकत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंडने तर परिषदेला प्रतिनिधीच पाठवले नव्हते, आणि १७९० मध्ये त्याने मंजुरी दिली ती ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

या वादाची एकच बाजू वाचण्याची सवय ‘फेडरॅलिस्ट’ निबंधांमुळे लागते. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहिलेले हे ८५ निबंध विलक्षण ताकदीचे आहेत, पण ते न्यूयॉर्कच्या मतदारांनी घटनेच्या बाजूने उभे राहावे म्हणून वर्तमानपत्रांतून चालवलेल्या मोहिमेचा भाग होते. वकिलाने अशिलाच्या वतीने केलेला युक्तिवाद जसा वाचावा, तसे ते वाचावेत. हॅमिल्टन यांनी १८ जून १७८७ रोजी परिषदेत केलेल्या दीर्घ भाषणात, सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहणारा राष्ट्रप्रमुख असावा असे सुचवले होते. त्याच हॅमिल्टन यांनी ‘पब्लियस’ म्हणून चार वर्षांच्या अध्यक्षपदाचे मनापासून समर्थन केले. मॅडिसन यांना राज्यांच्या कायद्यांवर केंद्राचा नकाराधिकार हवा होता आणि तो न मिळाल्याने ते निराश झाले होते. निबंधांतून ही निराशा दिसत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. ‘फेडरॅलिस्ट’चा एक निबंध वाचला, की घटनेच्या विरोधकांचाही एक वाचावा. ‘ब्रूटस’ या टोपणनावाने १८ ऑक्टोबर १७८७ पासून आलेले निबंध, मेसन यांच्या हरकती, पॅट्रिक हेन्री यांची व्हर्जिनियातील भाषणे आणि मर्सी ओटिस वॉरन यांनी १७८८ मध्ये टोपणनावाने लिहिलेली पुस्तिका, एवढे वाचले तरी पुरेसे होते. सर्वोच्च न्यायालय संविधानाचा अर्थ लावता लावता राज्यांची सत्ता हळूहळू गिळेल, असा इशारा ‘ब्रूटस’ने दिला होता. हॅमिल्टन यांचा न्यायालयांविषयीचा ७८ वा निबंध हा इशारा समोर ठेवून वाचला, की त्यातील प्रत्येक परिच्छेद कोणाला उद्देशून आहे ते कळू लागते.

मॅडिसन यांनी परिषदेत रोज घेतलेली टिपणे हाही मोठा आधार आहे, पण त्याबाबत एक दक्षता हवी. परिषद बंद दाराआड झाली होती आणि ती टिपणे मॅडिसन यांच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. मंजुरीच्या अधिवेशनांत मतदान करणाऱ्यांनी ती वाचलेली नव्हती. शिवाय मॅडिसन यांनी नंतरच्या काळात त्यांत दुरुस्त्याही केल्या होत्या.

‘लोकशाही’ आणि ‘प्रजासत्ताक’ हे शब्द आजच्या अर्थाने वाचणे

मराठी वाचकाची या ठिकाणी विशेष अडचण होते, कारण आपला ‘प्रजासत्ताक’ हा शब्दच ‘प्रजेची सत्ता’ असे सांगतो आणि म्हणून कानाला लोकशाहीचा समानार्थी वाटतो. मॅडिसन यांनी २२ नोव्हेंबर १७८७ च्या दहाव्या निबंधात या दोन्हींत जो भेद केला, तो अनुवादात त्यामुळे हरवतो. त्यांच्या लेखी लोकशाही म्हणजे थोड्या नागरिकांनी एकत्र जमून स्वतः कारभार करणे, जसे प्राचीन अथेन्समध्ये होत असे. प्रजासत्ताक म्हणजे निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत चालणारे राज्य. आज आपण ज्याला प्रातिनिधिक लोकशाही म्हणतो, ते मॅडिसन यांच्या शब्दकोशात प्रजासत्ताक आहे. म्हणून अनुवाद करताना पहिल्या शब्दासाठी ‘थेट लोकशाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्रातिनिधिक प्रजासत्ताक’ असे लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते, मग वाक्य थोडे जड झाले तरी चालेल.

या भेदाचा उलटा गैरवापरही होतो. ‘अमेरिका प्रजासत्ताक आहे, लोकशाही नाही, म्हणून तिथे बहुमताला महत्त्व नाही’ असे विधान अलीकडे वारंवार वाचायला मिळते. हॅमिल्टन यांनी बाविसाव्या निबंधात नेमके याच्या विरुद्ध म्हटले आहे. बहुसंख्यांचे मत प्रभावी ठरावे, हे प्रजासत्ताक राज्याचे मूलभूत सूत्र असल्याचे ते सांगतात. एकोणचाळिसाव्या निबंधात मॅडिसन अशी अट घालतात, की सरकारची सर्व सत्ता प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे समाजाच्या विशाल समूहाकडून आलेली असली पाहिजे. मूठभरांच्या वर्गाकडून आलेली सत्ता त्यांना प्रजासत्ताक म्हणून मान्य नव्हती. त्यांना भीती होती ती अन्याय करू पाहणाऱ्या बहुमताची, आणि त्या भीतीवर त्यांनी शोधलेला उपाय खरोखर नवा होता. प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकते, हे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई आणि ‘ब्रूटस’ने त्याचाच आधार घेतला होता. मॅडिसन यांनी ते उलटे फिरवले. देश जितका मोठा, तितके त्यात हितसंबंध अधिक, आणि तितके एखाद्या अन्यायी बहुमताला जुळून येणे अवघड, असा त्यांचा तर्क होता.

दहाव्या निबंधातीलच आणखी एका शब्दाचा, ‘फॅक्शन’चा, अनुवाद सर्रास चुकतो. इतर नागरिकांच्या हक्कांना किंवा समाजाच्या कायमच्या हिताला बाधक अशा भावनेने वा स्वार्थाने एकत्र आलेल्या लोकांना मॅडिसन ज्या शब्दाने संबोधतात, त्याला मराठीत ‘पक्ष’ म्हणू नये. संघटित राजकीय पक्ष १७९० च्या दशकात आकाराला आले. ‘गट’ किंवा ‘तट’ हा शब्द इथे जवळचा आहे, आणि हा तट बहुसंख्यांचाही असू शकतो, हे मॅडिसन यांनी व्याख्येतच स्पष्ट केले आहे. तो भाग गाळला, तर निबंधाचा कणाच निघून जातो.

सत्ताविभाजन म्हणजे तीन बंद खोल्या

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांचा एकमेकांशी संबंधच नसावा, असे माँतेस्क्यू यांनी सांगितले आणि अमेरिकेने ते अमलात आणले, हे पाठ्यपुस्तकी विधान खुद्द मॅडिसन यांनी सत्तेचाळिसाव्या निबंधात खोडले आहे. त्यांच्या मते माँतेस्क्यू यांचा आक्षेप एका शाखेची संपूर्ण सत्ता दुसऱ्या शाखेच्या हाती जाण्याला होता. एकीचा दुसरीत अंशतः सहभाग असणे त्यांना वर्ज्य नव्हते. घटनेत अध्यक्षाला विधेयकावर नकाराधिकार आहे, नेमणुकांना आणि तहांना सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते, महाभियोगाचा खटला सिनेटपुढे चालतो. या सगळ्या सरमिसळीनेच एक शाखा दुसरीला आवर घालते. एक्कावन्नाव्या निबंधातील ‘माणसे देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती’ हे वाक्य सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्या लगेच पुढचा भाग उद्धृत होत नाही. सरकारने आधी शासितांवर नियंत्रण ठेवण्याइतके समर्थ व्हावे आणि मग स्वतःवर नियंत्रण ठेवण्यास बांधील व्हावे, अशी दोन कामे तिथे क्रमाने सांगितली आहेत. फक्त दुसरे काम उद्धृत करणारा वाचक मॅडिसन यांना दुबळ्या सरकारचा पुरस्कर्ता समजतो.

हक्कांची सनद पहिल्या दिवसापासून होती असे समजणे

मेसन यांनी १२ सप्टेंबर १७८७ रोजी हक्कांची सनद जोडण्याचा विषय काढला, तेव्हा परिषदेतील एकाही राज्याने त्याला पाठिंबा दिला नाही. हॅमिल्टन यांनी चौऱ्याऐंशीव्या निबंधात तर अशी सनद धोकादायक ठरेल असा युक्तिवाद केला. जी सत्ता सरकारला दिलेलीच नाही, तिच्यावर मर्यादा घालायला गेलो, तर ती सत्ता असल्याचा आभास निर्माण होईल, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांच्या रेट्यामुळे चित्र बदलले. मॅडिसन यांनी ८ जून १७८९ रोजी दुरुस्त्या मांडल्या, काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे मंजुरीसाठी पाठवल्या आणि त्यांपैकी दहा १५ डिसेंबर १७९१ पर्यंत मंजूर झाल्या. याच दहा दुरुस्त्या म्हणजे हक्कांची सनद. नववी दुरुस्ती, म्हणजे काही हक्कांचा उल्लेख केल्यामुळे लोकांचे इतर हक्क नाकारले गेले असे समजू नये ही तरतूद, हॅमिल्टन यांच्या आक्षेपाच्या पार्श्वभूमीवर वाचली तरच तिचे प्रयोजन कळते.

दुसरी गफलत व्याप्तीची होते. ही सनद मूळात फक्त केंद्र सरकारला बांधत होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये ते निःसंदिग्धपणे सांगितले. सद्सद्विवेक, वृत्तपत्रे आणि ज्यूरी यांबाबत राज्यांवरही बंधन घालणारी दुरुस्ती मॅडिसन यांनी मांडली होती. ती सिनेटमध्ये गळाली. म्हणूनच धर्म आणि राज्य यांच्या फारकतीविषयी लिहिताना केंद्र आणि राज्य यांत भेद करावा. काँग्रेसला अधिकृत धर्म स्थापण्याची मनाई असताना मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चला सार्वजनिक आधार १८३३ पर्यंत चालू होता, तर व्हर्जिनियाने १७८६ मध्येच धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला होता.

गुलामगिरीचा प्रश्न एका वाक्यात संपवणे

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एका बाजूला ‘ते सगळे ढोंगी होते’ एवढे म्हणून विचारांचा अभ्यासच सोडून दिला जातो, तर दुसऱ्या बाजूला ‘त्या काळात सर्वांना तसेच वाटत असे’ म्हणून विषय मिटवला जातो. दुसरे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला होता. गूव्हर्नर मॉरिस (‘गूव्हर्नर’ हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांनी ८ ऑगस्ट १७८७ रोजी परिषदेतच या प्रथेवर घणाघाती टीका केली. स्वतः जेफरसन यांनी जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद लिहिला होता आणि काँग्रेसने तो काढला. त्याच जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, आणि व्हर्जिनियावरील आपल्या पुस्तकात गुलामगिरीमुळे देवाच्या न्यायाची भीती वाटते असे लिहिताना कृष्णवर्णीयांच्या बुद्धीविषयी हीन दर्जाची विधानेही केली. ही दोन्ही पाने एकाच पुस्तकात आहेत आणि दोन्ही वाचावी लागतात.

‘घटनेने कृष्णवर्णीय माणसाला तीन पंचमांश माणूस मानले’ हे वाक्य नीतिमत्तेच्या जाणिवेतून लिहिले जाते, पण त्याने तरतुदीचे काम नेमके उलटे समजते. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवण्यासाठी लोकसंख्या मोजताना गुलामांना पूर्ण धरावे, असा आग्रह दक्षिणेकडील गुलाममालकांच्या राज्यांचा होता, कारण त्यामुळे त्यांच्या जागा वाढणार होत्या. ज्यांची मोजणी होणार, त्यांना मत देण्याचा हक्क मिळणार नव्हता. तीन पंचमांश हे प्रमाण १७८३ मध्ये कराच्या वाटणीसाठी सुचवलेल्या एका दुरुस्तीतून उचलले गेले. त्याचा परिणाम असा झाला, की १७९० च्या जनगणनेतील सुमारे सात लाख गुलाम माणसांच्या जोरावर त्यांच्या मालकांची राज्ये प्रतिनिधिगृहात आणि अध्यक्षीय निवडणुकीत अधिक बलवान झाली. हा अन्याय ‘तीन पंचमांश माणूस’ या शब्दांत दिसतो त्याहून मोठा होता.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेवावी. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ अशी शब्दयोजना आहे. माणूस ही कोणाची मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणे चुकीचे ठरेल, असे मॅडिसन २५ ऑगस्टला म्हणाले होते. तरीही पळून गेलेल्या गुलामाला परत करण्याची तरतूद घटनेत आली, आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालण्यास काँग्रेसला मनाई झाली. शब्द टाळला गेला आणि संस्था राहिली, हे दोन्ही एकत्र सांगितले तरच चित्र खरे होते.

वसाहतींना ब्रिटिश संसदेत जागा हव्या होत्या असे वाटणे

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ या घोषणेवरून असा समज होतो. ऑक्टोबर १७६५ मध्ये कागदपत्रांवर कर लादणाऱ्या स्टॅम्प कायद्याविरुद्ध जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींनी ठरावातच म्हटले होते, की त्यांच्या स्थानिक परिस्थितीमुळे ब्रिटिश संसदेत त्यांचे प्रतिनिधित्व होऊच शकत नाही. म्हणून कर बसवण्याचा अधिकार त्यांच्या स्वतःच्या विधानसभांनाच आहे, असा त्यांचा दावा होता. याच वादात १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहा समुद्रात फेकण्याचा प्रसंग आला. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि पेनसिल्व्हेनियाचे नेते जॉन डिकिन्सन यांनी त्या वर्षी लिहिलेल्या पत्रात कंपनीने आशियात काय केले आहे ते पाहा, असे आपल्या लोकांना बजावले होते. बंगालमधील कारभाराची बातमी फिलाडेल्फियात राजकीय युक्तिवाद बनते, ही गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अवतरणांवर विश्वास ठेवणे

‘जे सरकार कमीत कमी राज्य करते, तेच उत्तम’ हे वाक्य जेफरसन यांच्या लेखनात सापडत नाही. त्याला प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकन लेखक थोरो यांच्या १८४९ च्या निबंधामुळे. काही अवतरणे खरी असतात, पण संदर्भ सुटलेला असतो. तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी मूलभूत स्वातंत्र्य सोडणाऱ्यांविषयी बेंजामिन फ्रँकलिन यांचे वाक्य आज नागरिकांवरील पाळतीच्या संदर्भात वापरले जाते. ते नोव्हेंबर १७५५ मधले आहे. सरहद्दीच्या संरक्षणासाठी पैसा उभारताना वसाहतीची मालकी असलेल्या पेन घराण्याच्या जमिनींवरही कर बसवावा, असा पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचा आग्रह होता आणि त्या घराण्याने नेमलेला गव्हर्नर तो अडवत होता. तिथले ‘स्वातंत्र्य’ म्हणजे विधानसभेचा आपल्या संरक्षणासाठी कर बसवण्याचा अधिकार होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चालवलेल्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन आणि मॅडिसन यांची पत्रे विनामूल्य शोधता येतात. अवतरण तिथे मिळाले नाही, तर ते छापू नये. मिळाले, तर त्या पत्राच्या आधीचे आणि नंतरचे पत्रही वाचावे.

पेन, फुले आणि जेफरसनचा आंबेडकरांनी केलेला उपयोग

महाराष्ट्रात या विचारांचा शिरकाव टॉमस पेन यांच्यामार्फत झाला. ‘राइट्स ऑफ मॅन’ हे त्यांचे पुस्तक महात्मा फुले यांनी तरुणपणी वाचले होते, आणि म्हणून पेन यांना घटनाकारांच्या रांगेत बसवण्याचा मोह आपल्याकडे होतो. पेन यांनी जानेवारी १७७६ च्या पुस्तिकेने स्वातंत्र्याची मागणी सामान्य माणसाच्या भाषेत आणली हे खरे, पण घटना परिषद भरण्याआधीच ते युरोपला निघून गेले होते. ‘राइट्स ऑफ मॅन’ हे १७९१-९२ मधले, फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्क यांना दिलेले उत्तर आहे. राज्यरचनेत पेन यांना एकच सभागृह पुरेसे वाटे, तर अ‍ॅडम्स यांनी १७७६ मध्येच दोन सभागृहांची बाजू मांडून त्यांना विरोध केला होता. तसेच १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे, ते गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेले लोक आहेत. तिला १७७६ च्या पिढीचा गौरव म्हणून उद्धृत करणे फुल्यांच्या शब्दांशी प्रामाणिक राहणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जेफरसन यांचा जो उतारा वाचून दाखवला, तो नेमका कशासाठी होता हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक पिढी हे एक वेगळे राष्ट्र समजावे आणि तिला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा अधिकार नसावा, असा त्या उताऱ्याचा आशय आहे. अमेरिकेच्या घटनेत दुरुस्तीसाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि राज्यांपैकी तीन चतुर्थांश असा अवघड मार्ग आहे. आंबेडकरांनी त्या मार्गाच्या तुलनेत भारतीय संविधानाची दुरुस्तीची पद्धत सुलभ ठेवल्याचे सांगितले, आणि त्या सुलभतेच्या समर्थनासाठी जेफरसन यांना साक्षीला बोलावले. जेफरसन यांनी हाच विचार ६ सप्टेंबर १७८९ च्या पत्रात मॅडिसन यांच्यापुढे मांडला होता. मॅडिसन यांनी ४ फेब्रुवारी १७९० रोजी उत्तर पाठवले, की आधीच्या पिढ्यांनी केलेल्या सुधारणा या जिवंत असलेल्यांवरचे ऋण आहेत आणि कायदे ठरावीक काळाने आपोआप संपू लागले तर कोणाचाही कशावर विश्वास राहणार नाही. आंबेडकरांचे भाषण ज्याला शिकवायचे किंवा उद्धृत करायचे आहे, त्याने या दोन पत्रांपासून सुरुवात करावी, आणि मॅडिसन यांचे पत्र आधी संपूर्ण वाचावे, कारण तेच सहसा कोणी उघडत नाही.